प्लग लावण्याआधी: जुना टीव्ही समजून घेऊन दुरुस्त करताना

माळ्यावरून, कोठीतून किंवा भंगाराच्या ढिगातून जुना टीव्ही हाती आला की पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. पेटी पुसायची, शटर सरकवायचं, बटण फिरवायचं आणि लागतो का ते बघायचं. हा मोह आवरा. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या सेटला एकदम २३० व्होल्ट दिले, तर पाच-दहा रुपयांचा कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) फुटतो आणि जाता जाता बाजारात कुठेच न मिळणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. माझ्याकडे आलेल्या सेटपैकी जे वाचवता आले नाहीत, त्यातले बरेच इतकी वर्षं धूळ खात पडूनही शाबूत होते. कुणीतरी उत्साहाने लावून बघितले आणि तिथे ते संपले.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही बाहेरून अवघड वाटतो, पण त्याचा बिघाड तो लपवत नाही. आडवी रेघ, मुंग्या, पळणारं चित्र, वाकलेल्या कडा, यातली प्रत्येक खूण आतल्या एका ठरावीक भागाकडे बोट दाखवते. ही खूण वाचता आली की मीटर हातात घेण्याआधीच अर्धं काम झालेलं असतं. त्यासाठी आत काय चालतं हे मात्र आधी कळायला हवं.

मराठवाड्यात कोणते सेट सापडतात

दिल्लीत प्रायोगिक दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पाठोपाठ सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. मराठवाडा मात्र त्या टापूच्या बाहेर राहिला. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे टॉवर जवळ आणि उंचावर नसेल तर घरात कितीही महागडा सेट असून उपयोग नसतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'एटीएस-६' या अमेरिकी उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. त्यात सीमेपलीकडचा गुलबर्गा जिल्हा होता, महाराष्ट्र नव्हता. त्या प्रयोगासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या अँटेना वापरल्या होत्या आणि थेट उपग्रहावरून चित्र घेणारे सेट हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले होते. त्यातला एखादा सेट कुणाच्या हाती लागला तर तो जिवापाड जपावा.

१९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं आणि १९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा सुरू झाला. म्हैसमाळच्या डोंगरावर आणि अंबाजोगाईला मोठे मनोरे उभे राहिले आणि आपल्या भागात घरोघरी अँटेनाच्या काठ्या चढल्या. याचा परिणाम आजच्या संग्रहावरही दिसतो. मुंबई-पुण्यात सत्तरच्या दशकातले व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, सेट मिळतात. आपल्याकडे, निदान माझ्या पाहण्यात, बहुतेक सेट ऐंशीच्या दशकातले, ट्रान्झिस्टर आणि आयसीचे आहेत. शटरवाली मोठी लाकडी पेटी आणि तिला चार पाय, किंवा १२-१४ इंची प्लास्टिकचा पोर्टेबल. ईसी, क्राउन, डायनोरा, सॉलिडेअर, वेस्टन, टेक्सला, अपट्रॉन, बुश अशी नावं मागच्या झाकणावर सापडतील. काहींवर नावच नसेल. गावातल्या मेकॅनिकने सुटे भाग आणून घरी जोडलेला असेंबल्ड सेट असतो तो. त्याला कमी लेखू नका. त्यावर एका माणसाच्या हाताची सही असते आणि तसा दुसरा सेट जगात नसतो.

आणि मग आपल्या मातीतला व्हिडिओकॉन. धूत कुटुंबाची ही कंपनी ऐंशीच्या दशकात टीव्हीच्या धंद्यात उतरली ती जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेऊन, आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात तिचा कारखाना उभा राहिला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. चितेगावच्या लाइनवर काम केलेले कामगार आजही छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूरकडे आहेत. सुरुवातीचा व्हिडिओकॉन सेट चालू अवस्थेत जपणं हे मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाचं काम आहे असं मी मानतो, आणि ते आपण केलं नाही तर बाहेरचं कुणी करणार नाही.

सेटबरोबर जुनं लायसन्स मिळालं तर तेही ठेवा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्ही बाळगायला लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात मिळायचं. त्यावर सेटचा तपशील असतो, म्हणजे तुमचा टीव्ही कोणत्या साली कोणत्या गावात होता याचा लेखी पुरावा.

चित्र तयार कसं होतं

पिक्चर ट्यूब म्हणजे आतली हवा काढून टाकलेली काचेची मोठी बाटली. तिच्या निमुळत्या मानेत एक छोटा हीटर असतो. काळोखात मागून पाहिलं तर तो नारिंगी दिसतो. तो कॅथोडला तापवतो आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या काचेकडे हजारो व्होल्टचा दाब असल्यामुळे हे इलेक्ट्रॉन तिकडे झेपावतात आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आपटतात. जिथे आपटतात तिथे प्रकाशाचा ठिपका उमटतो.

एका ठिपक्याने चित्र होत नाही, म्हणून त्याला फिरवतात. मानेवर तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवलेली असते, तिला योक म्हणतात. तिच्या चुंबकीय ओढीने ठिपका डावीकडून उजवीकडे जातो, झटकन परत येतो आणि जरा खालून पुन्हा निघतो. शेतात एकाखाली एक तास घालत जावं तसं हे काम चालतं. फरक इतकाच की परत येताना ठिपका विझवलेला असतो, आणि पहिल्या फेरीत तो एकाआड एक तास सोडून जातो, दुसऱ्या फेरीत राहिलेले भरतो. आपल्या पद्धतीत पूर्ण चित्राच्या ६२५ ओळी असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे अर्ध्या चित्राच्या ५० फेऱ्या. हिशेब केला तर सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांत संपते. टीव्ही चालू असताना येणारी बारीक शिट्टी याच १५,६२५ हर्ट्‌झची. लहान मुलांना ती स्पष्ट ऐकू येते, वय वाढलं की येईनाशी होते. दुरुस्तीच्या वेळी म्हणूनच मी घरातल्या एखाद्या पोराला जवळ बोलावतो.

आता यातली सगळ्यात देखणी गोष्ट. ठिपका उजवीकडून डावीकडे परत येतो तेव्हा योकमधला प्रवाह एकदम उलटतो. त्या झटक्यातून एलओटी नावाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उच्च दाबाचा धक्का तयार होतो आणि तोच दाब ट्यूबच्या काचेला पुरवला जातो. लहान कृष्णधवल सेटमध्ये तो दहा-बारा हजार व्होल्ट असतो, मोठ्यात पंधरा हजारांच्या वर, रंगीतमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास. म्हणजे चित्र आडवं ओढणारा भाग आणि काचेला दाब देणारा भाग एकच. आडवी ओढ थांबली की दाबही जातो आणि पडदा पूर्ण काळा होतो. उभी ओढ थांबली तर दाब कायम राहतो, म्हणून पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ उरते. पडद्यावरच्या अर्ध्याअधिक बिघाडांचं कोडं एवढ्या एका गोष्टीत सुटतं.

जिवाला धोका कुठे आहे

यात घाई नको. तीन धोके आहेत आणि तिघांची जात वेगळी आहे.

पहिला मेन्सचा, म्हणजे घरातल्या २३० व्होल्ट विजेचा. बऱ्याच जुन्या सेटमध्ये चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट वीजवाहिनीच्या एका तारेला जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सांगाड्यात २३० व्होल्ट येतात. बाहेरून बटणं आणि पेटी प्लास्टिक-लाकडाची असल्यामुळे घरच्यांना शॉक बसत नाही, झाकण काढणाऱ्याला बसतो. यावर उपाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: २३० व्होल्ट आत, २३० व्होल्टच बाहेर, पण दोन्ही बाजूंत तारेचा संबंध नाही. दुरुस्तीच्या टेबलावर ही पहिली खरेदी.

दुसरा ट्यूबमधल्या साठ्याचा. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून ग्राफाइटचा काळा थर असतो. मध्ये काच आणि दोन्हीकडे वाहक थर, म्हणजे ट्यूब स्वतःच एक कंडेन्सर झाली. टीव्ही बंद केल्यावरही तिच्यात दाब बराच काळ राहतो. तो उतरवायला चांगल्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या, त्याला जाड वायर बांधा, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या थराला टेकलेल्या वेणीसारख्या अर्थिंग तारेला लावा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ट्यूबच्या बाजूला असलेल्या रबरी टोपीखाली सरकवा. चट् असा आवाज येतो. काही मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. टोक सर्किट बोर्डावर कुठेही टेकवू नका, आयसी जातील. हे करताना दुसरा हात खिशात. जुने मेकॅनिक नवख्याला हे सांगतात ते उगाच नाही, दोन्ही हात अडकले तर वीज छातीतून जाते.

तिसरा धोका काचेचा. आत हवा नाही आणि बाहेर वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. २० इंची ट्यूबचा पडदा अंदाजे ४० बाय ३० सेंटिमीटर धरा, म्हणजे एकट्या पुढच्या काचेवर एक टनाहून जास्त भार बसलेला असतो. ट्यूब फुटली तर काच आधी आत ओढली जाते आणि मग चहूकडे उडते. मानेला धरून ट्यूब कधीही उचलू नये, आणि पडद्याभोवतीची लोखंडी पट्टी सैल करू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हे वाचून धास्ती वाटत असेल तर १२-१४ इंची कृष्णधवल पोर्टेबलपासून सुरुवात करा. त्यातले अनेक १२ व्होल्टवर चालणारे आहेत. आत आधी एक ट्रान्सफॉर्मर मेन्स उतरवतो, त्यामुळे सांगाडा मेन्सपासून सुटलेला असतो. भारनियमनाच्या काळात हेच सेट लोकांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवले. असा सेट आला की बॅटरीच्या सॉकेटजवळचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आधी तपासा. कधीतरी तारा उलट लागलेल्या असतात आणि त्या एका डायोडने बाकीचा सेट वाचवलेला असतो.

पडून राहिल्यावर नेमकं काय बिघडतं

सगळ्यात जास्त इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, एकीवर ऑक्साइडचा अतिशय बारीक थर, मध्ये द्रावणाने ओला केलेला कागद. दोन गोष्टी होतात. वापर नसला की तो ऑक्साइडचा थर हळूहळू विरतो, आणि उष्णतेने द्रावण सुकतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर, वर पत्र्याचं छप्पर, त्यात बंद लाकडी पेटी. इथल्या सेटमधला कंडेन्सर कोकणातल्या सेटपेक्षा वेगळ्या रीतीने म्हातारा होतो. तिकडे गंज जास्त, इकडे सुकणं जास्त. आपल्या कोरड्या हवेचा फायदाही आहे: सांगाडे, स्क्रू, पेट्या पुष्कळदा छान टिकलेल्या मिळतात.

दुसरं ड्राय सोल्डर. जड भागांचे पाय, म्हणजे एलओटी, योकचं सॉकेट, मोठे रेझिस्टर, तापून-निवून हलतात आणि कथलाभोवती केसाएवढी गोल भेग पडते. भिंगातून पाहिलं तर दिसते. कितीतरी "मेलेले" सेट नुसते हे सांधे पुन्हा झाळल्यावर लागतात. मेकॅनिक लोक चालू सेटला लाकडी दांडीने हलकेच टकटक करत असत ते याचा शोध घ्यायला.

तिसरं उंदीर, मुंग्या आणि वाळवी. वायरचं वेष्टन उंदरांनी खाल्लेलं नाही ना, हे प्लगच्या टोकापासून बघत या.

व्हॉल्व्हचा सेट मिळालाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पीएल ५०४, पीसीएल ८०५, पीवाय ८८ अशा 'पी' मालिकेच्या व्हॉल्व्हचे हीटर एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडलेले असतात आणि सगळ्यांतून ३०० मिलिअँपिअरचा एकच प्रवाह जातो. एकाचा हीटर तुटला की सगळे विझतात. म्हणजे "सगळे व्हॉल्व्ह गेले" असं वाटलं तरी बहुधा एकच गेलेला असतो. मीटर ओहमवर लावून एकेक तपासला की सापडतो.

पहिल्यांदा वीज देताना

झाकण काढा, ट्यूबचा साठा उतरवा, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. उच्च दाबाच्या टोपीभोवतीची धूळ स्पिरिटने पुसा, कारण ओल धरलेल्या धुळीवरून ठिणगी सरकते. एलओटी पावसाळ्यात दमटलेला असेल तर सेट एक-दोन दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवा. फुगलेले, गळलेले कंडेन्सर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि अंगावर १०५ अंश छापलेला. प्लस-मायनस दोनदा बघून लावा. एका वेळी एकच बदला. सगळे एकदम उपटले आणि नंतर सेट लागला नाही, तर जुना दोष कोणता आणि आपण घातलेला कोणता हे कळायला मार्ग उरत नाही.

मग सिरीज दिवा. सेट आणि मेन्सच्या मध्ये १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब एकसर जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो, सगळा दाब स्वतःवर घेतो आणि सेट सुरक्षित राहतो. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. गरज तारेच्या वाढत्या रोधाची आहे. डिमरस्टॅट (व्होल्ट कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर दाब हळूहळू वाढवता येतो आणि टिकलेल्या कंडेन्सरवर ऑक्साइडचा थर पुन्हा बसायला वेळ मिळतो. नाक आणि कान उघडे ठेवा. माशासारखा वास, सूं असा आवाज, काहीही वेगळं वाटलं की लगेच बंद.

पडद्यावरची खूण वाचणं

आवाज आहे, पडदा काळा: आडव्या ओढीचा भाग बंद आहे. शिट्टी ऐकू येते का बघा. नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा. मोठ्या सेटमध्ये बहुधा बीयू २०५ किंवा बीयू २०८, १२ व्होल्टच्या सेटमध्ये बीयू ४०६. तो गेलेला असेल तर नुसता नवा लावू नका, का गेला ते शोधा. एलओटीचे वेढे आत शॉर्ट असले तर नवाही मिनिटात जातो.

मधोमध झगझगीत आडवी रेघ: उभी ओढ बंद. आधी ब्राइटनेस अगदी कमी करा. सगळे इलेक्ट्रॉन एकाच ओळीवर आपटत असतात आणि फॉस्फर कायमचा करपतो. नंतर उभ्या ओढीचा आयसी, त्याचा पुरवठा, योकचं सॉकेट. ओढ अर्धवट असेल, चित्र वरून तोकडं किंवा खाली दुमडलेलं, तर जवळपास नेहमी सुकलेला कंडेन्सर निघतो.

चित्र वर किंवा खाली पळतंय, किंवा तिरप्या पट्ट्यांत फाटतंय: ओढ आहे, पण केंद्राच्या तालाशी जुळत नाही. मागच्या व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल होल्डच्या खुंट्या हलक्या हाताने फिरवा. क्षणभर जुळून पुन्हा सुटत असेल तर तालाची खूण वेगळी काढणारा भाग दुबळा आहे.

कडा नागमोडी, वर आडवी काळपट पट्टी, आवाजात गुणगुण: फिल्टर कंडेन्सर. पट्टी एक असेल तर गडबड ५० हर्ट्‌झची, म्हणजे ब्रिजमधला (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीतला) एखादा डायोड तुटलेलाही असू शकतो. पट्ट्या दोन असतील तर १०० हर्ट्‌झची, म्हणजे ब्रिज धड आहे, फिल्टर सुकला आहे.

भरघोस मुंग्या आणि खरखर: बातमी चांगली आहे. सेटचा मोठा भाग जिवंत आहे, फक्त सिग्नल नाही किंवा ट्यूनर (चॅनेल निवडणारा भाग) मळला आहे. मुंग्याही नाहीत, नुसता पांढरा पडदा, आवाज मुका: दोष ट्यूनरच्या पुढच्या, निवडलेला सिग्नल वाढवणाऱ्या आयएफ भागात शोधा. टकटक फिरणाऱ्या ट्यूनरचे चांदीचा मुलामा दिलेले संपर्क काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं. सँडपेपर लावलात तर मुलामाच निघून जाईल.

चित्र फिकं, पांढऱ्या भागांना चंदेरी झाक, तापल्यावर हळूहळू बरं: ट्यूब वीक झाली. कॅथोडवरचा लेप थकला आहे. हीटरला थोडा जास्त दाब देऊन लेप जागा करण्याची जुनी युक्ती आहे आणि ती कधी कधी चालते. पण तिने ट्यूब जाऊही शकते. माझं मत, चित्र ओळखू येत असेल तर ट्यूबला हात लावू नये. नव्या कृष्णधवल ट्यूब आता मिळत नाहीत.

रंगीत सेटबद्दल इथे थोडकंच. एकाऐवजी तीन इलेक्ट्रॉन गन, पडद्यामागे छिद्रांची जाळी, पॅल या आपल्याकडच्या रंगीत पद्धतीचा डिकोडर आणि बहुतेकांत एसएमपीएस नावाचा वेगळ्या जातीचा वीजपुरवठा. कोपऱ्यात रंगांचे डाग दिसले तर जाळी चुंबकीय झाली आहे. ट्यूबभोवतीची डीगॉसिंग (चुंबकत्व घालवणारी) कॉइल आणि तिचा थर्मिस्टर बघा. दोन-तीन कृष्णधवल सेट हाताखालून गेल्याशिवाय यात पडू नये.

पेटी, आणि सिग्नल आणायचा कुठून

लाकडी पेटीवर बहुधा सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, भरीव साग नाही. जोरात घासला की खालचं प्लाय उघडं पडतं. ओलसर कापडाने मळ काढा आणि मूळ पॉलिश जिथे आहे तिथे राहू द्या. गेलं असेल तिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात द्या. जुन्या सुतारांना हे फ्रेंच पॉलिश उत्तम जमतं. शटरच्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात. कापड कुजलं असेल तर पट्ट्यांना क्रमांक घालून मगच सोडवा.

सेट लागला, पण दाखवायचं काय? दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत, थोडी केंद्रं सोडून, बंद झालं. छतावरच्या काठीला आता काही लागत नाही. मार्ग असा: फ्री डिशचा सेट-टॉप बॉक्स, त्याच्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांतून आरएफ मॉड्युलेटर (चित्र-आवाजाचा अँटेनासारखा सिग्नल करणारी डबी), तिथून टीव्हीची अँटेना. दोन अटी आहेत. मॉड्युलेटर व्हीएचएफ चॅनेलवर सिग्नल देणारा हवा, कारण जुन्या ट्यूनरला यूएचएफ, म्हणजे त्याच्या वरचा लहरींचा पट्टा, कळत नाही. आणि तो पॅल-बीचा हवा. आपल्या पद्धतीत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर असतो, दुसऱ्या पद्धतीच्या मॉड्युलेटरवर चित्र येतं आणि आवाजाच्या जागी खरखर येते. अँटेनाला दोन स्क्रू असतील तर तो ३०० ओहमचा आहे. ७५ ओहमची गोल केबल थेट न लावता मध्ये या दोन्हींचा मेळ घालणारा छोटा 'बलून' (balun) ट्रान्सफॉर्मर घाला. नव्वदच्या दशकातला कार्ट्रिजवाला व्हिडिओ गेम कपाटात असेल तर सेट तपासायला तोही चालतो, अनेकांत असा मॉड्युलेटर आतच असतो.

सुटे भाग शोधताना आपल्या गावातल्या जुन्या मेकॅनिककडे आधी जा. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. मोबाइलचं दुकान टाकलेल्यांच्याही मागच्या खोलीत एलओटी, योक, सर्किट डायग्रामची पुस्तकं पडलेली असतात. आणि त्यांना तुमच्या भागातल्या सेटची खोड माहीत असते, जी कुठल्याही पुस्तकात नाही. बसा, चहा घ्या, ते बोलतात ते लिहून घ्या, परवानगी असेल तर रेकॉर्ड करा.

भंगारवाल्यांशीही आधीच बोलून ठेवा. योक आणि कॉइलच्या तांब्यासाठी तिथे पहिल्यांदा ट्यूबची मान मोडली जाते, आणि एकदा हवा आत शिरली की ती ट्यूब गेली. फोडण्याआधी फोन आला तर तांब्याच्या भावापेक्षा थोडं जास्त द्यायची तयारी ठेवा. सेट खरोखरच मेलेला असेल तर उपयोगी भाग काढून घ्या, पण ट्यूब फोडू नका. रंगीत ट्यूबच्या काचेत शिसं बरंच असतं आणि फॉस्फरची पावडर श्वासात जाऊ नये अशी. ई-कचऱ्याच्या नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यायची असते.

चालू झालेला सेट महिन्यातून एकदा अर्धा तास लावा, म्हणजे कंडेन्सरमधला थर टिकतो. वळवाच्या दिवसांत, आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि अँटेना दोन्ही काढा. आणि पेटीच्या आत एक कागद चिकटवा: सेट कुठल्या गावातून, कुठल्या घरातून आला, काय बदललं, कोणत्या जागी किती व्होल्ट मोजले. काढलेले मूळ भाग एका पिशवीत घालून आतच बांधून ठेवा. पुढे दुसऱ्या कुणी हा सेट उघडला तर त्याला मूळचं काय आणि नंतरचं काय हे लगेच कळेल.